भूखंड पाच आणि पाठीमागची टेकडी

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, नगर कार्यालयाच्या बांधकाम परवाना विभागातून नकाशे तपासनीस म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप बदललेली आहे, पण झडपेचा डोक्याशी संबंध नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात होती, ती दोन वर्षांपूर्वी वारली. मी रागात आहे, हे मात्र मान्य करतो. रागावलेला माणूस शुद्धीवर नसतो असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, मी शोधून पाहिले आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र, म्हणजे हिरव्या फाईलमधले, रद्द समजावे. त्यात मी सगळ्यांशी उगाच गोड बोललो आहे.

१. राहते घर. दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी असे माझे स्वकष्टार्जित घर, आतल्या सामानासह, आणि बँकेत जे काही असेल ते, माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळावे. स्वयंपाकघराच्या खिडकीचे डावे दार आधी लावावे लागते, मग उजवे. सुताराला बोलावून दार तासून घेऊ नये, ते पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात आपोआप जागेवर येते. बाल्कनी बंद करून तिची खोली करू नये. वरच्या मजल्यावरच्याने केली आहे, खालच्याने केली आहे, आणि दोघांविरुद्ध माझे अर्ज पडून आहेत. मुलीने बाल्कनी बंद केलीच तर हे कलम रद्द होणार नाही. फक्त ती बंद करताना बापाचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा.

२. ओळंबा. आमचे वडील गवंडी होते. भिंत सरळ आहे का ते पाहायचा त्यांचा पितळी ओळंबा, दोरीसकट, माझ्या धाकट्या भावास द्यावा. भाऊ माझ्याशी सव्वीस वर्षे बोललेला नाही. त्याने गच्चीवर एक खोली काढली, आणि बाजूच्या हद्दीपासून जेवढे अंतर सोडायला हवे होते त्यात नऊ इंच खाल्ले. नकाशा माझ्या टेबलावर आला. मी नापास केला. त्याने तरीही बांधले, मी नोटीस काढली, भिंत पाडली गेली. तो कार्यालयात आला, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, "दादा, नऊ इंच रे. तू डोळे मिटले असतेस तर कोणाचं काय गेलं असतं?"

मी डोळे मिटले नाहीत. आज नकाशा पुन्हा समोर आला तर पुन्हा नापास करीन. पण त्याच वर्षी, त्याच रस्त्यावर, आमच्या साहेबांनी एका इमारतीला दोन मजले जास्तीचे मंजूर केले, आणि मी गप्प बसलो. भावाला नऊ इंचांना पकडले आणि साहेबांना दोन मजल्यांना सोडले. हे त्याला माहीत आहे म्हणून तो बोलत नाही, हे मला माहीत आहे. ओळंबा त्याला द्यावा. सोबत चिठ्ठी नको.

३. साहेबांची फाईल. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या चादरीखाली, त्या दोन मजल्यांच्या मंजुरीच्या प्रती आहेत. साहेब हयात आहेत आणि सकाळी फिरायला जातात. मुलीने ही फाईल रद्दीत घालू नये. काय करायचे ते तिने ठरवावे. मला ते एकतीस वर्षांच्या नोकरीत जमले नाही, म्हणून तिच्यावर सोपवतो, आणि याची मला लाज वाटते.

४. भूखंड पाच. या मृत्युपत्राचे खरे कारण हे कलम आहे, म्हणून लांबण लावतो. वाचणाऱ्याने चहा घेऊन बसावे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संगणकाच्या आत एक जग आहे. एका कंपनीने ते केले आहे. तिथे माणसे आपापली बाहुली घेऊन जातात, जमीन घेतात, घरे बांधतात, एकमेकांशी बोलतात आणि भांडतात. माझ्या पत्नीचे पाय स्नायूंच्या दुखण्याने गेले तेव्हा मुलीने तिला हे जग उघडून दिले. तिथे तिचे पाय चालत होते. तिने पाण्याच्या काठावरचा पाचवा भूखंड घेतला आणि त्यावर दुमजली घर बांधले. त्या जगात माणसाला उडता येते, जिन्याची कोणाला गरज नाही. हिने मुद्दाम चौदा पायऱ्यांचा जिना केला आणि रोज एकेक पायरी चढून वर जायची. नववी पायरी इतर पायऱ्यांपेक्षा उंच झाली होती. मी ते दाखवले तर म्हणाली, "अहो, मी तुमच्याकडे मंजुरीला आलेली नाही."

मुलगी नंतर मला म्हणाली होती, "बाबा, ते घर नाहीये, चित्र आहे." मी तिला तेव्हा उत्तर दिले नाही, इथे देतो. मी एकतीस वर्षे चित्रेच तपासली. आमच्या कार्यालयात घर कधी आले नाही, घराचे चित्र यायचे. त्या चित्रांवरून माणसे एकमेकांच्या नरड्याला हात घालायची. ज्या घरात तुझी आई शेवटची चालली त्याला चित्र म्हणायचे असेल तर म्हण, पण माझ्यासमोर म्हणू नकोस. आता समोर नसेन, तरीही.

पहिले दोन महिने मी या प्रकाराला हसलो. मग एक दिवस तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले आणि माझे डोके फिरले. एकाने भूखंडावर विमानाएवढा मासा टांगला होता. दुसऱ्याने फिरणारी, लुकलुकणारी जाहिरात उभारली होती आणि ती काढण्यासाठी शेजाऱ्यांकडून पैसे मागत होता. कोणाचे छप्पर कोणाच्या अंगणात घुसलेले. हद्द नाही, अंतर नाही, उंचीला धरबंध नाही. मी माझे खाते उघडले, त्या ओळीतल्या आठही रहिवाशांना गोळा केले आणि एकोणीस नियम लिहून दिले. त्यांनी मते दिली, नियम मंजूर झाले, मासा खाली आला. ओळीला शांत गल्ली असे नाव पडले आणि मी तिचा तपासनीस झालो. निवृत्तीनंतर इतके बरे मला कधी वाटले नव्हते. पत्नी म्हणायची की मी निवृत्त झालोच नाही, फक्त बदली करून घेतली.

आता टेकडी. आमच्या पाठीमागचा सहावा भूखंड पाच वर्षांपूर्वी एका बाईने घेतला. बाई म्हणतो, पण पडद्यामागे कोण आहे ते मला ठाऊक नाही. पिवळे गमबूट घातलेली बाहुली, बस. पहिल्या आठवड्यातच ती आमच्या फाटकाशी आली. "काका, तुमच्या घरामुळे मला पाणी अजिबात दिसत नाही हो. बाजूची झाडं तरी थोडी कमी कराल का?" मी तिला सांगितले की एकोणीस नियमांपैकी एकातही कोणाला पाणी दिसण्याचा हक्क दिलेला नाही. खरे तर तसा नियम मी मसुद्यात लिहिला होता. आमचे घर आधीच उभे होते म्हणून मीच तो खोडला. हे मी पहिल्यांदाच कबूल करत आहे.

तिने वाद घातला नाही. तीन आठवड्यांनी मी सकाळी गेलो तर आमच्या घरामागे टेकडी उभी होती. बावीस मीटर उंच, वर गवत, आणि गवतावर तिचे घर. मी तडक पहिला नियम काढला. "कोणतीही इमारत जमिनीपासून सात मीटरपेक्षा उंच असू नये." तिचे घर मोजले. साडेसहा मीटर. जमिनीपासून.

त्या जगात जमीन वर उचलता येते. मालकाने बोट फिरवले की जमीन वाढते. हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. एकतीस वर्षे ज्याने उंची जमिनीपासून मोजली, त्याच्या मनात जमीनच उठून उभी राहील हे कसे येणार? दुसऱ्या कोणी नियम लिहिले असते तर कदाचित सुचले असते. मला सुचले नाही, आणि हा खड्डा मी स्वतः खणला. शेवटी तपासनीस म्हणून तिच्या नकाशावर मंजुरीचा शिक्का मलाच मारावा लागला. पत्नी हसून हसून खोकायला लागली.

नियम बदलायला मी मतदान मागितले. आठांपैकी पाच जण आलेच नाहीत. गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष, जो कोल्ह्याचे तोंड लावून फिरतो आणि प्रत्येकाला माय डियर म्हणतो, त्याने मला समजावले, "तुमच्या पडद्यावर ती टेकडी लपवून टाका ना. एक बटण आहे. आम्ही सगळ्यांनी लपवलीय." म्हणजे टेकडी तिथेच, फक्त बघायची नाही. आमच्या कार्यालयात साहेबांकडे हेच बटण होते. मी ते दाबणार नाही असे सांगितले.

तेव्हापासून रोज सकाळी पावणेसातला, चहा झाला की, मी भूखंड सहाविरुद्ध मंडळाकडे तक्रार करतो. प्रत नियमाप्रमाणे तिला जाते. सावली पडते. डोकावले जाते. गवत वाढले आहे. दृश्य विद्रूप होते. एकही तक्रार टिकली नाही, कारण एकही नियमात बसत नव्हती, आणि हे मला करतानाच माहीत असायचे. माझी बायको मात्र त्या टेकडीवर जाऊन बसू लागली. चालत जायची, उडत नाही. एकदा खाली येऊन म्हणाली, "वरून आपलं घर फार छान दिसतं हो, एकदा चला." मी गेलो नाही. ती ज्या दिवशी वारली त्या दिवशीही पावणेसातला मी तक्रार केली. ती तेव्हा आतल्या खोलीत होती, डॉक्टर येऊन गेले होते, मुलगी गाडीत होती. मला दुसरे काय करावे ते सुचत नव्हते.

आता जे झाले त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पत्नीनंतर भूखंड पाच माझ्या नावावर झाला. गेल्या वर्षी माझी झडप बदलली, जखमेत पू झाला आणि मी एकाहत्तर दिवस दवाखान्यात पडलो. शांत गल्लीचा चौदावा नियम असा: मालक साठ दिवस फिरकला नाही तर शेजाऱ्यांची संमती घेऊन भूखंड मोकळा करावा, म्हणजे घर पुसून टाकावे. जो उत्तर देणार नाही त्याची संमती धरावी. एका शेजाऱ्याने जरी लेखी हरकत घेतली तर घराला हात लावू नये. हाही नियम माझाच. ओसाड घरांचा मला तिटकारा होता.

शुद्धीवर आल्यावर माझे पहिले वाक्य होते, "भूखंडावर एकदा जाऊन ये." मुलीने माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि परिचारिकेला विचारले की गुंगी किती वेळ राहते. मी ते तीन वेळा बोललो. तिसऱ्या वेळी तिने हो, जाऊन आले, असे सांगितले. मुली, तू गेली नव्हतीस. मी तुला माफ केले आहे, पण ते इथे लिहून ठेवण्याइतपतच.

एकसष्टाव्या दिवशी कोल्ह्याने नोटीस काढली. त्याला त्या जागी टोप्यांचे दुकान टाकायचे आहे, हे मला आधीपासून माहीत होते. सगळ्या शेजाऱ्यांना पत्रे गेली. ज्यांच्या अंगणातली जाहिरात मी उतरवली, ज्यांच्या छपराचा वाद मी मिटवला, त्या सगळ्यांची संमती धरली गेली, कारण एकानेही तोंड उघडले नाही. मी घरी आलो, जिवावर उदार होऊन संगणक उघडला, तर घर जागेवर. दारावर लाल कागद, आणि खाली एक हरकत. ती शब्दशः उतरवतो:

"भूखंड सहाची हरकत आहे. पाचवाले काका रोज सकाळी पावणेसातला माझ्याविरुद्ध तक्रार करतात. चार वर्षांत एकही दिवस चुकला नाही. काकू गेल्या त्या दिवशीसुद्धा आली होती. आता एकसष्ट दिवस आलेली नाही. म्हणजे ते आजारी आहेत, सोडून गेलेले नाहीत. सोडून गेले असते तर शेवटची तक्रार करून गेले असते. घराला कोणी हात लावू नये."

मी हे वाचले आणि मला इतका संताप आला की मुलीने गोळी आणून दिली. माझ्या रक्ताच्या माणसाला जे कळले नाही, ते हिला कळले. ज्यांच्यासाठी राबलो ते बटण दाबून बसले, आणि ही, जिच्या नावाने मी रोज खडे फोडले, ती माझ्या खड्यांची हजेरी ठेवत होती. मला हे उपकार नको होते. मागितले नव्हते. दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी तक्रार केली, विषय टेकडी. चार वर्षांत पहिल्यांदा तिकडून उत्तर आले, दोनच शब्द: "बरं वाटलं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेसातला पुन्हा तक्रार केली, विषय गवत.

५. म्हणून भूखंड पाचची व्यवस्था. कंपनीच्या अटींप्रमाणे माझ्यानंतर एक वारस नेमता येतो, आणि शांत गल्लीच्या नवव्या नियमाप्रमाणे तो वारस गल्लीतलाच रहिवासी असावा लागतो. बाहेरचे लोक घुसू नयेत म्हणून हा नियम मी फार अभिमानाने लिहिला होता. त्यामुळे माझी मुलगी वारस होऊ शकत नाही. कोणालाच नेमले नाही तर घर पुसले जाईल आणि टोप्यांचे दुकान येईल. कोल्ह्याला मी ते देणार नाही. बाकीच्यांनी टेकडी लपवली तसे हे घरही लपवले आहे की काय, देव जाणे. माझ्या बायकोचे घर रोज उठून कोण बघते, असा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर आले ते टेकडीवरून.

सबब भूखंड पाच, त्यावरील दुमजली घर, फाटक आणि झाडे यांसह, भूखंड सहाच्या मालकास, ती बाई असो वा बाप्या, द्यावा. कंपनीच्या खात्यात वारसाच्या रकान्यात तसे नाव मी आजच भरले आहे. अटी अशा. घर आहे तसे ठेवावे. जिन्याला हात लावू नये, नववी पायरी कोणी सुधारू नये. झाडे हवी असतील तर कमी करावीत, ती माझी होती, तिची नव्हती. पाणी दिसण्याचा हक्क हा विसावा नियम म्हणून घ्यावा, मसुदा सोबत जोडला आहे, त्यात माझी सही आहे. आणि हे सगळे देऊनही टेकडीला माझा विरोध कायम आहे. ती बेकायदा नसली तरी लबाडी आहे, आणि ती लबाडी मला आधी सुचायला हवी होती.

६. मी वारलो तर मुलीने, भावाला कळवण्याच्याही आधी, त्याच दिवशी भूखंड सहाला कळवावे. हे काम उद्यावर टाकू नये. पावणेसात होऊन जातील आणि तक्रार आली नाही की ती बाई समजेल मी पुन्हा आजारी आहे. मग ती मंडळाच्या दारात हरकत घेऊन उभी राहील आणि दिवस मोजत बसेल. तिला तसे बसवून ठेवू नये. कळवायचा मजकूर मीच देतो, त्यात एक शब्द बदलू नये:

"भूखंड पाचकडून यापुढे तक्रार येणार नाही. कृपया हरकत घेऊ नये. काका या वेळी आजारी नाहीत."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाडाखोड न करता पुरे केले. एका ठिकाणी शाई पसरली आहे, ती खाडाखोड धरू नये.

लिहून देणार:
(सही) नकाशे तपासनीस, निवृत्त

साक्षीदार:
१. (सही) घरचे डॉक्टर. मजकूर वाचलेला नाही. सही माझ्यासमोर केली. सही करणाऱ्याची शुद्ध चांगली आहे, रक्तदाब जास्त आहे.
२. (सही) तळमजल्यावरचा शिंपी. मलाही मजकूर वाचू दिला नाही. सही माझ्यासमोर केली.

स्थळ: राहते घर, दुसरा मजला, जेवणाचे टेबल
दिनांक: ११ मार्च २०२५, सकाळी साडेसात. आजची तक्रार करून झाली आहे.